रोज तीनशे क्रंच, तरी पोट झाकलेलंच

प्रश्न : वय २७, उंची १७० सें.मी., वजन ७४ किलो, राहणार मालवण. चार महिने रोज ३०० क्रंच मारतोय, रात्रीचा भातही सोडला. पोट दाबलं तर घट्ट लागतं, पण सिक्स-पॅकचे कप्पे दिसत नाहीत. गणपतीला दोन महिने आहेत. तोवर जमेल का?

उत्तर : गणपतीपर्यंत नाही, दिवाळीच्या आसपास जमेल. क्रंचने, म्हणजे पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलण्याने, पोटाचा स्नायू भरतो, पण त्याच्यावरची चरबी तिथल्या तिथे जळत नाही. ती सगळ्या अंगावरून उतरते आणि पुरुषांत बेंबीखालची बहुधा शेवटी. कप्पे साधारण १० ते १२ टक्के चरबीला उठून दिसतात. तुम्ही आज २० टक्क्यांवर आहात असं धरलं, तर वजन ६७ किलोपर्यंत आणावं लागेल. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज खर्चापेक्षा ४५० कॅलरी कमी खाऊन तूट ठेवली तर सात किलोंना १७ आठवडे लागतात. उपाशी राहून घाई केलीत तर स्नायूही झडतो, मग चरबी गेल्यावर दाखवायचं काय? कप्पे चार की सहा, हे मात्र जन्मतःच ठरलेलं असतं.

बिचाऱ्या भाताला उगाच शिक्षा केलीत. शिजलेला भात १०० ग्रॅमला १३० कॅलरी देतो, ओलं खोबरं ३५०. खरा भार वाटपात, म्हणजे कालवणात घालायच्या वाटलेल्या खोबऱ्यात आहे. बांगडा तळताना तव्यावर सोडलेल्या तेलाच्या प्रत्येक मोठ्या चमच्याला १२०, येता-जाता तोंडात टाकलेल्या मूठभर काजूंना १६५. मासे सोडू नका, तळणं सोडा: खोबरं न घालता तिखलं करा, किंवा तव्याला एक छोटा चमचा तेल पुसून भाजा. सोलकढीऐवजी फुटी कढी, म्हणजे नुसत्या कोकमाची कढी घ्या. नारळाचं दूध नसल्यामुळे तिच्यात कॅलरी नावापुरत्याच. आठवडाभर खोबरं आणि तेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घाला. अंदाज किती चुकतो ते तिथेच कळतं.

प्रथिनं रोज १२० ते १३० ग्रॅम हवीत. साफ केलेला २०० ग्रॅम बांगडा ३८ देतो, तीन अंडी १८, दीडशे ग्रॅम कोंबडीचं छातीचं मांस ३४, ५० ग्रॅम कुळीथ ११. उरलेली डाळ, दही आणि भाकरीतून येतात. सध्या पावसाळी मासेमारी बंदीमुळे ताजी मासळी कमी, तेव्हा सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) वापरा. ५० ग्रॅममध्ये जवळपास ३० ग्रॅम प्रथिनं मिळतात. खारं खाल्लं की दुसऱ्या दिवशी काटा अर्धा-एक किलो वर जातो. ते पाणी असतं, घाबरून जेवण तोडू नका. रोज सकाळी शौचानंतर वजन करा आणि आठवड्याची सरासरी बघा. बेंबीच्या रेषेत टेप लावून, श्वास सहज सोडून कंबर मोजा. दोन आठवडे दोन्ही हलले नाहीत तर रोजच्या १५० कॅलरी आणखी कमी करा. श्रावण पाळत असाल तर कुळीथ, मूग, सोयाबीन, पनीर वाढवा.

तीनशे क्रंच बंद. आठवड्यातून तीन दिवस बारला लटकून गुडघे छातीकडे घ्या, ८ ते १२ वेळा, तीन सेट. झोके घेऊ नका. गुडघे कंबरेच्या उंचीला येऊन थांबले तर बरंचसं काम जांघेचे स्नायू करतात. त्याच्याही वर जाताना ढुंगण पुढे गुंडाळलं गेलं पाहिजे, तेव्हा पोट कामाला लागतं. सोबत वजन घेऊन स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि पुल-अप हवेतच, नाहीतर तुटीत अंगावरचा स्नायू टिकत नाही.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. वजन पूर्वीइतकं झालं, पण उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येतो. क्रंच करू का?

उत्तर : आधी तपासा. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, डोकं जरासं उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवा. मधल्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटं बसली तर पोटाचे उभे स्नायू अजून एकमेकांपासून लांब आहेत. अशा वेळी उंचवटा आणणारा कुठलाही व्यायाम टाळा, क्रंच आणि प्लँकसुद्धा, आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा. तिथे बहुतेक श्वास सोडत पोट आत ओढण्यापासून सुरुवात करतात. तो उंचवटा दुखत असेल किंवा आडवं झाल्यावरही आत जात नसेल तर हर्निया असू शकतो, डॉक्टरांकडे लगेच जा. अंगावर पाजत असाल तर जेवण फार तोडू नका.