मास्तरांचा पगार जास्त की कमी?

पत्र : मुलगी यंदा कला शाखेतून बारावी पास झाली, ७८ टक्के पडले. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका, पूर्वीचं डी.एड.) करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका व्हायचं म्हणते. गावात पारावर म्हणतात, मास्तरांना फुकटचा पगार आहे. आणि माझा मेहुणा बारा वर्षांपासून विनाअनुदानित शाळेवर आहे, त्याचं घर बायकोच्या शिलाई मशीनवर चालतं. मी काय समजावं? – एक पालक, धारूर तालुका, जि. बीड

उत्तर : भाऊ, पारावरचे लोक आणि तुमचा मेहुणा दोघंही खरं तेच सांगतायत. फक्त ते एका नोकरीबद्दल बोलत नाहीत.

आधी जिल्हा परिषदेचं बघू. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होतं. महागाई भत्ता २०२५ मधला ५५ टक्के आणि खेड्यातला घरभाडे भत्ता १० टक्के धरला तर एकूण ४८ हजारांच्या आसपास जातं, कपात होऊन त्रेचाळीस-एक हजार हातात येतात. तलाठ्याचं मूळ वेतन २५,५०० पासून आणि पोलीस शिपायाचं २१,७०० पासून आहे. म्हणजे कागदावर मास्तर त्यांच्या वर आहे. धारूरसारख्या ठिकाणी, जिथं पाऊस दगा देतो आणि सोयाबीनचा भाव त्याहून जास्त, तिथं दर महिन्याला येणारी ही रक्कम लहान नाही. ती कमी आहे असं मी म्हणणार नाही.

फुकटची मात्र नाही. साठपर्यंत मुलं असलेल्या प्राथमिक शाळेला शिक्षण हक्क कायद्यानं दोन शिक्षक मिळतात. वर्ग चार, माणसं दोन. त्यातला एक मुख्याध्यापकाचं टपाल, पोषण आहाराच्या नोंदी आणि ‘आज सायंकाळपर्यंत माहिती सादर करावी’ असले मेसेज यांत अडकलेला. निवडणूक आणि जनगणना तर कायद्यानंच त्यांच्या गळ्यात आहे. आणि तुमच्या भागातलं काम तुम्हाला मी काय सांगावं? दसरा-दिवाळीला टोळ्या उसाला निघाल्या की मास्तर घरोघर फिरतो, पोरगं आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून विनवतो. तरी जे पोर गेलंच, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत आल्यावर त्याला पहिल्यापासून वाचायला शिकवावं लागतं. याचा कुठं भत्ता नाही. कामचुकार मास्तर नाहीत असं नाही, तालुक्याहून अकराला येणारे मलाही माहीत आहेत. पण त्यांच्यावरून सगळ्यांचा पगार मोजू नये.

अन्याय पगारात नाही, पगारापर्यंतच्या वाटेत आहे. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन प्राथमिकला १६ हजार, तेही १ जानेवारी २०२३ पासून, त्याआधी ६ हजार होतं. तलाठ्याला पूर्ण वेतन पहिल्या महिन्यापासून मिळतं, मास्तराला मात्र तीन वर्षं थांबावं लागतं, हे मला कधीच पटलेलं नाही. आणि निवड होण्याआधीची वाट आणखी लांब. पवित्र पोर्टल म्हणजे सरकारची शिक्षक भरतीची वेबसाइट, तिच्यावरच्या भरतीसाठी लागणारी शिक्षक अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. मधल्या वर्षांत डी.एड. झालेली किती तरी पोरं क्लासेसवर, दुकानावर गेली. लातूरच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्यांत अशी बरीच भेटतात, आणि काही तिथं चांगलं कमावतातही.

तुमच्या मेहुण्याची गोष्ट वेगळी. ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मिळणारी शाळा, यातला ‘कायम’ हा शब्द २००९ ला निघाला, पण अनुदान आलं ते वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी, तेही आंदोलनं केल्यावर. शाळा टप्प्यात बसली नाही तर पगार शून्य. त्यांचं काम जिल्हा परिषदेच्या मास्तरापेक्षा कमी नाही.

आता मुलीचं. डी.एल.एड. करू द्या. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. चालणार नाही असं सांगितल्यापासून पहिली ते पाचवीच्या जागांवर डी.एल.एड. वाल्यांचीच दावेदारी उरली आहे. सोबत मुक्त विद्यापीठातून बी.ए. चालू ठेवता येईल का, हे दोन्हींचे नियम बघून प्रवेशाआधीच ठरवा, कारण सहावी ते आठवीला पदवी लागते. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, शिकता शिकताच काढून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर नोकरीत असलेल्या जुन्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील तर, ती दोन वर्षांत पास व्हायची आहे. तिच्याशिवाय पुढं काही नाही.

अभियोग्यता चाचणीची तारीख आपल्या हातात नाही. म्हणून दुसरी तयारीही ठेवा. तलाठी आणि पोलीस भरतीतही गणित, बुद्धिमत्ता आणि मराठी असतं, तो अभ्यास वाया जात नाही. पंचविशीपर्यंत काय काय करून बघायचं ते मुलीला बसवून ठरवा. लग्नाची घाई करणारे नातेवाईक या हिशेबात घेऊ नका.

आणि कुणी संस्थाचालक किंवा त्याचा माणूस ‘जागा आहे, एवढे भरा, अनुदान येतंच आहे’ म्हणत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खासगी अनुदानित शाळांची भरतीही आता पवित्र पोर्टलवरूनच होते. डोनेशनसाठी जमिनीचा तुकडा विकायचं मनात आलं, तर आधी मेहुण्याला विचारा.