नर्सिंगच्या सीटसाठी निवृत्तीची एफडी मोडायची का?

बार्शीजवळच्या एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टर साखर कारखान्यात नोकरीला, निवृत्तीला पाच वर्षं उरलेली. सगळी जमा म्हणजे 9 लाखांची एफडी. मुलीने बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली, मार्क मध्यम आले. एक खाजगी कॉलेज म्हणतंय, मॅनेजमेंट कोट्यातून आजच सीट पक्की करा, वर्षाला 2 लाख. शेवटच्या वर्षी आणखी 3 लाख दिले तर जर्मनीला पाठवण्याची जबाबदारी त्यांची. ताई विचारतात, एफडी मोडू की कर्ज काढू?

ताई, एफडीला हात लावू नका. आणि त्या कॉलेजात आज एक रुपयाही भरू नका.

तुम्ही ओबीसी आहात आणि घरचं उत्पन्न पाच लाखांच्या आत आहे, असं पत्रात आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, अगदी खाजगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. अट एवढीच की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. म्हणजे त्याच वर्गात, त्याच बाकावर बसायला तुम्ही चार वर्षांत 8 लाख जास्त मोजणार! सगळे राउंड संपेपर्यंत थांबा, लांबच्या जिल्ह्यातली कॉलेजंही पसंतीक्रमात टाका. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर आणि जातवैधता यांतलं काही अडलं असेल तर ते आधी मार्गी लावा.

कॅपमधून नाहीच मिळाली सीट, तर सरकारी रुग्णालयाच्या शाळेत तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करू द्या. लोक त्याला कमी लेखतात, मला ते पटत नाही. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी त्यावरही होते, आणि नोकरी लागल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी घेता येते.

कर्जाचंही सांगतो. दरवर्षी 2 लाख असे 8 लाख, साडेदहा टक्के व्याज धरू. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. ते भरलं नाही तर पाच वर्षांनी बाकी 11 लाखांच्या जवळ जाते आणि दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता 14,700 च्या पुढे. आता पगार बघा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जाहिरातींत स्टाफ नर्सला साधारण 20,000 मानधन असतं, छोट्या खाजगी हॉस्पिटलात त्याहूनही कमी मिळतं. राज्य सरकारच्या कायम अधिपरिचारिकेचा (स्टाफ नर्सचा) मूळ पगार 35,400 पासून सुरू होतो, पण भरती कधी निघेल ते कुणाच्या हातात नाही. म्हणून कर्ज पहिल्या इथल्या पगारातून फिटेल एवढंच, चार लाखांच्या आत. तेवढ्या कर्जाला तारणही मागत नाहीत.

आणि जर्मनी? मागणी खरी आहे. पण तिथे नर्स म्हणून मान्यता मिळायला जर्मन भाषा बी-2 पातळीपर्यंत, म्हणजे कामकाजात सहज बोलता येईल इतकी, यावी लागते, वर पात्रतेची परीक्षा किंवा तिथलं प्रशिक्षण. ते 3 लाख देऊन विकत मिळत नाही. केरळ सरकारची परदेशी नोकऱ्यांचं काम बघणारी संस्था नोर्का आणि जर्मन सरकारची संस्था जीआयझी मिळून नर्सभरतीची ट्रिपल विन योजना चालवतात, त्यात उमेदवाराकडून फी घेत नाहीत. शिवाय बाजार फिरतो. काही वर्षांपूर्वी इंग्लंड भारतीय नर्स भराभर नेत होतं, आता तिथेच शिकलेल्या मुलींना जागा मिळायची मारामार आहे. मुलीला जायचं असेल तर तिसऱ्या वर्षापासून भाषा शिकू दे, तो खर्च मिस्टरांच्या महिन्याच्या पगारातून निघेल.

शिकता शिकता ती ट्यूशन घेईल, असं तुम्ही लिहिलंय. तो हिशेब सोडा. सकाळी वॉर्डची पोस्टिंग, दुपारी लेक्चर, पुढे नाइट ड्यूटी. त्या मुलींना नीट झोपसुद्धा मिळत नाही. हॉस्टेल आणि मेसचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील, ते आजपासून बाजूला काढा.

एफडीबद्दल मी एवढा अडून बसलोय, कारण ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन साडेसात हजारांच्या वर सहसा जात नाही. ती एफडी गेली तर म्हातारपणी तुम्ही दोघं मुलीच्या त्याच पगारावर याल, ज्यातून तिचा हप्ता जायचाय.

कोणतंही कॉलेज निवडण्याआधी त्यांच्या हॉस्पिटलात न सांगता एक चक्कर मारा. बी.एस्सी.साठी 100 खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं. खाटांवर पेशंट आहेत की नुसत्या चादरी, ते बघा. मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले किंवा नोकरीचा बाँड पुढे केला, तर सही न करता परत या आणि मला कळवा.