अणुभट्टीत जळतं काय?

प्रश्न असा: अणुभट्टीत ज्वाला नाही, धूर नाही, ऑक्सिजनही लागत नाही, मग 'भट्टी' कशाला, 'रिअॅक्टर'साठीचा पारिभाषिक शब्द 'विक्रियक' का नको?

शंका रास्त आहे, पण ती 'भट्टी म्हणजे आग' असं धरून चालते. मूळ शब्द संस्कृत 'भ्राष्ट्र', म्हणजे धान्य भाजायचं भांडं. पुढे चुना, विटा, काच सगळ्यांच्या भट्ट्या झाल्या. परटाच्या भट्टीत कपडे वाफेवर निघतात. कापडाला झळ लागली तर परटाची धडगत नाही. दारूच्या भट्टीत तर खरी करामत वाफ धरून थंड करण्याची. उष्णता आवरून तिच्याकडून काम काढून घ्यायचं, ती भट्टी. मैफलीचीही 'भट्टी जमते', तिथे कोण काय पेटवतं?

इंग्रजीत तरी सुरुवातीला कुठे भारदस्त नाव होतं? २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड मैदानात, प्रेक्षकांच्या सज्जाखालच्या खेळाच्या एका कोर्टात, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित साखळी अभिक्रिया घडवली, म्हणजे एक अणुकेंद्रक फुटून सुटलेले न्यूट्रॉन कण पुढची केंद्रकं फोडत जातात ती. ग्रॅफाइटच्या विटांचे थर, त्यांत युरेनियम. नाव 'पाइल', चक्क रास! न्यूट्रॉन आवरायला कॅडमियम. शक्ती जेमतेम अर्धा वॉट. हिला भट्टी म्हणणं मात्र धाडसाचंच.

मग २० डिसेंबर १९५१ला अमेरिकेत आयडाहोतल्या ईबीआर-१ या प्रायोगिक अणुभट्टीने चार दिवे लावले, १९५४ साली सोव्हिएत संघात ओबनिन्स्कची वीज तारांतून गेली. आता उष्णताच हवी होती. केंद्रक फुटतं, तुकडे सुसाट सुटून भोवतालच्या पदार्थाला तापवतात, पाण्याची वाफ होते, टर्बाइन फिरतं. तारापूरला १९६९पासून हेच. याला भट्टी नाही तर काय म्हणायचं?

शब्द तोकडा पडतो तो ट्रॉम्बेच्या 'अप्सरे'पाशी. ४ ऑगस्ट १९५६ला सुरू झालेली ही अणुभट्टी पाण्याच्या हौदात बुडालेली होती. तिच्याकडून हवे होते न्यूट्रॉन, संशोधनाला आणि समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याची वेगळ्या वजनाची रूपं, बनवायला. उष्णता ही नुसती ब्याद. तिथे 'विक्रियक' जास्त नेमका, आणि परिभाषेत तो असावाच.

बातमीत, बोलण्यात खुशाल 'अणुभट्टी' लिहा. फक्त ती 'पेटवू' नका, सुरू करा. आणि तिच्यातून काढलेलं इंधन 'जळालेलं' नव्हे, 'वापरलेलं' म्हणा.