घरात कोणी गात नाही; आजोबांचा तंबोरा विकावा का? रोजच्या आयुष्यात संगीताची खरंच एवढी गरज असते का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. संगीताशिवाय रोजचं चालतंच की, मग त्याचं एवढं महत्त्व का, हा एक. आणि आजोबांचा मिरजेचा तंबोरा माळ्यावर पडलाय, मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं, तर तो विकावा का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: विकू नका. निदान एकदा नीट लावून, त्याच्याशेजारी बसून ऐकल्याशिवाय तरी नका.

खाली काढलात की गवसणी उतरवून आधी भोपळा बघा. तो खराच भोपळा असतो, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारा, जाड सालीचा. बोटानं हलकं टिचकून सगळीकडून फिरा. एखाद्या जागी आवाज फुटका आला तर तिथं भेग आहे. भोपळ्याखाली बारीक भुकटी पडत असेल तर कीड लागली आहे. दोन्ही गोष्टी कारागिराकडून दुरुस्त होतात; फक्त घरी फेविकॉल भरू नका, कारण तो खरवडून काढण्यात भेग आणखी वाढते. मग तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, आडव्या नजरेनं बघा. घोडीखाली, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या रुंद पट्टीखाली, ती किंचित फुगीर हवी. आत दबली असेल तर काम मोठं आहे.

तारा जुन्या असतील तर चारही बदला. एकच नवी घातली तर तिचा आवाज बाकीच्या तिघींत मिसळत नाही. जोडीच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या (सा) दोन पोलादी, साधारण ०.३० मिमीच्या; खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची शेवटची तार, पितळेचा आणि बराच जाड. पंचमाची (प), म्हणजे पहिली तार स्वराप्रमाणे ठरते, म्हणून दुकानात नुसतं ‘तंबोऱ्याच्या तारा’ न मागता तंबोरा कुठल्या पट्टीचा, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या स्वराला षड्ज धरणारा आहे ते सांगा. भोपळा-दांडी मोठी असेल तर मर्दानी, काळी एक-दोनचा (पेटीवरची पहिली-दुसरी काळी पट्टी). लहान असेल तर जनानी, काळी चार-पाचचा. मर्दानी तंबोरा काळी चारला ताणायचा हट्ट केला की तार तुटते, नाहीतर तबलीवर नको तेवढा ताण येतो. तार चढवताना मणी, म्हणजे स्वर बारीक जुळवायचा छोटा मणी, आधी ओवायचा. नवखी माणसं हमखास विसरतात आणि सगळी तार पुन्हा उतरवतात. खुंटीवर तीन-चार वळसे पुरेत. खुंटी घसरत असेल तर भोकाशी खडूची पूड लावा. तेल कधीही लावू नका, ती मग थांबतच नाही.

आता लावणं. घोडीवर तारांखाली असलेली सुतं (दोरे) आधी बाजूला सारा. काळी एक धरू: जोडीच्या दोन तारा सुमारे १३९ हर्ट्झवर, खर्ज त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९, आणि पहिली तार मंद्र पंचमावर, सुमारे १०४. इथपर्यंत मोबाइलवरचा ट्यूनर वापरा, खुशाल वापरा. खुंटी पिळताना आत दाबत पिळायची, आणि स्वर नेहमी खालून वर गाठायचा. वरून खाली आणलेली तार पुन्हा उतरते. मालकंससारख्या पंचम नसलेल्या रागाला पहिली तार मध्यमावर, मारवा-पूरियाला निषादावर. तुम्हाला सध्या पंचमच ठीक.

इथून पुढं ट्यूनर बंद करा. जोडीच्या दोन तारा लागोपाठ छेडा. दोघींत लाट ऐकू येते, वाँव-वाँव अशी. मणी लंगोटाकडे, म्हणजे तारा खाली जिथं अडकवलेल्या असतात तिकडे सरकवला की स्वर चढतो; घोडीकडे नेला की उतरतो. लाट लांबत लांबत नाहीशी झाली की जोड जुळली. हे काम केसाएवढं आहे आणि पहिल्या दिवशी अर्धा तास खाईल. खाऊ द्या. मग सूत. तार किंचित उचलून साधं सुती सूत तिच्याखाली, घोडीच्या माथ्यावर ठेवायचं आणि केसभर पुढं-मागं करत राहायचं. एका जागी तार बोदी वाजते, एका जागी किरकिरते आणि मधल्या एका जागी आवाज एकदम उघडतो. तीच जवारी. घोडीवर तारेचे चर पडले असतील तर सूत कितीही हलवा, किरकिर जाणार नाही. घोडी कारागिरानं कानशीनं घासून पुन्हा जवारी काढावी लागते. ते काम कारागिराचंच, स्वतः पॉलिश पेपर मारून घोडी सपाट करू नका.

या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. तार दर कंपनात त्यावर हलकी टेकत-सुटत राहते, आणि म्हणून उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या कंपनांचे वरचे स्वर, झरझर बाहेर पडतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं आहे: तार जिथं छेडली तिथं एखाद्या उपस्वराचा निस्पंद बिंदू, म्हणजे त्याच्या कंपनात न हलणारी जागा असेल, तर एरवी तो उपस्वर उमटायला नको, तंबोऱ्यात तो ठणठणीत उमटतो. खर्ज बरोबर लागला की त्यातून गंधार (ग) ऐकू येतो. एकही तार गंधाराला लावलेली नसते. खर्जाच्या पाच पट कंपनांचा तो उपस्वर, आपल्या मापात सुमारे ३४६ हर्ट्झ. तो ऐकू आला की तंबोरा लागला.

आणि म्हणूनच ‘ॲप काय, तंबोरा काय, आवाज तोच’ असं म्हणणाऱ्यांशी माझा वर्षानुवर्षांचा वाद आहे. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ बाहेरच येत नाही. तुम्ही ऐकता ते खर्जाचे वरचे उपस्वर. पायाचा स्वर कान अंदाजानं भरून काढतो. शिवाय ॲपमध्ये लावण्याचं काम कोणी करतच नाही, आणि माझ्या मते कान तयार होतो तो लावतानाच. आमटीत मीठ कमी आहे हे जिभेला कळतं, तसं बेसूर कानाला कळणं ही रोजच्या उपयोगाची गोष्ट आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. संगीतानं रक्तदाब उतरतो वगैरे मी सांगणार नाही. दिवसभर मागं गाणी चालू ठेवण्यालाही मी संगीत ऐकणं म्हणत नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर पंधरा मिनिटं तंबोरा छेडा: पंचम मधल्या बोटानं, बाकी तीन तर्जनीनं, नख न लावता, बोटाच्या मऊ कडेनं, एका चालीत. गाता येत नसेल तर तोंड मिटून नुसता षड्ज धरा.

थोडी सूट द्यायला हवी. प्रवासात ॲपच बरं, पण चांगल्या इअरफोनवर. तबली पार बसली असेल आणि कारागीरच नको म्हणाला, तर हट्ट करू नका. तंबोरा चांगला आहे पण घरात खरंच कोणी हात लावणार नाही असं असेल, तर गाणं शिकणाऱ्या एखाद्या मुलीला द्या. शोभेच्या वस्तू विकणाऱ्याला देऊ नका, तिथं त्याच्या तारा कायमच्या उतरतात.

जवारीसाठी मिरजेला नेणार असाल तर चारही तारा दोन-दोन वळसे सैल करा, भोपळ्याभोवती गोधडी गुंडाळा, आणि बसच्या टपावर टाकू नका, मांडीवर घ्या. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. तेव्हा जोर न लावता आधी दोन दिवस तंबोरा कोरड्या खोलीत आडवा ठेवा.