हेडफोन घेण्याआधी

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या पगारातून २५ हजारांचा बिनतारी हेडफोन घ्यावा, की तेवढ्याच पैशांत तारेचा हेडफोन आणि जोडीला एक स्वतंत्र डॅक, म्हणजे आकड्यांत साठवलेला आवाज पुन्हा विजेच्या लहरीत बदलणारे यंत्र, घ्यावा, असे तू विचारले आहेस आणि दोन्हींच्या खोक्यांवरील आकड्यांची छायाचित्रेही पाठवली आहेस. थोडक्यात सांगायचे तर आत्ता दोन्ही घेऊ नकोस. हौसेला माझा विरोध नाही. माझ्या हौसेने घराची किती कपाटे अडवली आहेत, ते तुझ्या काकूला विचार. पण तू पाठवलेल्या आकड्यांपैकी बहुतेक आकडे तुला प्रत्यक्षात काय ऐकू येईल याविषयी काहीच सांगत नाहीत, आणि जे सांगू शकतील ते खोक्यावर कोणी छापत नाही.

‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हाच आकडा घे. माणसाच्या श्रवणाची ढोबळ मर्यादा तेवढीच असल्यामुळे तो वाचताना सगळे काही मिळाल्यासारखे वाटते. मात्र त्या पट्ट्यात आवाज किती समतल राहतो, म्हणजे किती डेसिबलच्या फरकाने वरखाली होतो, हे सोबत दिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही, कारण खर्जाचा आवाज मधल्या स्वरांपेक्षा २० डेसिबलने क्षीण असला तरी तो निघतो एवढ्या आधारावर तसे छापता येते. आमच्या तरुणपणी टेपरेकॉर्डर आणि स्पीकर यांवर हजारो वॅट ‘पीएमपीओ’ (म्हणजे क्षणभरापुरती कमाल ताकद) असे ठळक अक्षरांत लिहिलेले असे आणि लोक त्या आकड्यावर भाळून खरेदी करत. आजही एखाद्या स्पीकरवर मोठा वॅट दिसला, की त्याच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे १२ व्होल्ट आणि २ अँपिअर लिहिले असेल तर त्याला सलग मिळणारी वीज २४ वॅटच आहे, आणि त्याहून जास्त ताकद तो सलग बाहेर टाकू शकणार नाही. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो, पण तो करताना मी फार थोड्या लोकांना पाहिले आहे.

आता डॅककडे वळू. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे क्षणोक्षणी घेतलेली मापे, आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट हे तिचे प्रमाण होते. तुझ्या घरी खालच्या मजल्यावर जकार्डचे माग आहेत, त्यामुळे तुला हे लवकर उमजेल. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवायची, मग चौकट भरलेली की रिकामी यानुसार पुठ्ठ्याच्या कार्डात छिद्र पाडायचे किंवा नाही पाडायचे, आणि मग मागाने त्या छिद्रांच्या हुकुमाने ताणा उचलायचा. आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते ते बरेचसे असेच. मात्र ही उपमा एका जागी तुटते आणि बाजारातील सगळी दिशाभूल त्याच जागेवर उभी आहे. चादरीवरच्या मोराची कड जवळून पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची दिसते, म्हणून अनेकांना वाटते की डिजिटल आवाजही तसाच पायऱ्यांचा असणार आणि १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुने, घेतले की त्या पायऱ्या बारीक होऊन आवाज मऊ होणार. प्रत्यक्षात नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या सिद्धांतानुसार, दर सेकंदाच्या नमुन्यांच्या निम्म्याहून कमी कंप्रतेचा (सेकंदाला होणाऱ्या कंपनांचा) सगळा आवाज त्या नमुन्यांतून पुन्हा अखंड वक्राच्या रूपात उभा करता येतो. पायऱ्या शिल्लक राहत नाहीत. ४४.१ किलोहर्ट्झचा निम्मा भाग २२ किलोहर्ट्झच्या थोडा वर जातो आणि माणसाचा कान त्याआधीच थांबतो. १६ बिटांमुळे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते, जे घरात ऐकण्यासाठी भरपूर आहे. ध्वनिमुद्रण करताना आणि नंतर त्यावर काम करताना २४ बिटांचा खरोखर उपयोग होतो. ऐकणाऱ्याने त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. म्हणून स्वतंत्र डॅकचा विचार तूर्त सोडून दे. आजच्या फोनला लागणारी हजारभर रुपयांची साधी जोडणीही हे काम नीट करते.

बिनतारी हेडफोनच्या खोक्यावर ‘हाय-रेझ’चे, म्हणजे सीडीहून सूक्ष्म आवाजाच्या दाव्याचे, सोनेरी चिन्ह आहे आणि एलडॅक असे लिहिले आहे; एलडॅक ही ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवण्याची एक पद्धत. सीडीचा आवाज न दाबता पाठवायचा तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट जागा लागते. ब्लूटूथचा सर्वसाधारण एसबीसी प्रकार साधारण ३२८ किलोबिटांपर्यंत जातो आणि सोनीने काढलेला एलडॅक फार तर ९९० पर्यंत पोहोचतो, तोही संपर्क उत्तम असेल तेव्हा. शिवाय तुझा फोन आयफोन आहे, आणि आयफोन एलडॅकने आवाज पाठवतच नाही. तो एएसी ही दुसरी पद्धत वापरतो. म्हणजे ज्या गुणासाठी तू जादा पैसे मोजणार आहेस, तो तुझ्या हातातल्या यंत्राला वापरताच येणार नाही. एएसी वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे, तो चांगलाच आहे; पण मग त्या चिन्हाचे पैसे कशाला द्यायचे?

भोवतालचा आवाज शोषणारी सोय मात्र खरोखर उपयोगाची आहे. ती कशी चालते हे माहीत असेल तर अपेक्षाभंग होणार नाही. हेडफोनमधील छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्र त्याच्या बरोबर उलट लहर तयार करून कानात सोडते. उलट लहर वेळेत तयार व्हायची तर मूळ आवाज सलग, एकसारखा आणि खालच्या पट्टीतला असावा लागतो. हुतात्मा एक्स्प्रेसमधून पुण्याला जाताना डब्याची जी घरघर असते, किंवा मे महिन्यात कूलरचा जो घुमारा रात्रभर चालतो, तो या सोयीने बराचसा विरतो. मागावरचा धोटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आदळतानाचा खडखडाट तितका विरत नाही, कारण तो तुटक आणि अचानक असतो. घरी आल्यावर मागांचा आवाज नाहीसा होईल या आशेवर तू तो हेडफोन घेत असशील तर ती आशा सोड.

बॅटरीचाही विचार कर. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत हेडफोन ठेवू नकोस. तारेच्या हेडफोनला ही चिंता नाही. त्याची तार बहुधा पिनेजवळ तुटते आणि ती दुरुस्त होते. आतल्या केसासारख्या तांब्याच्या तारांवर लाखेचा रंगीत लेप असतो, साधारणपणे उजव्या बाजूला लाल आणि डाव्या बाजूला हिरवा किंवा निळा. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकावर कथिलाचा थेंब धरून त्यात तारेचे टोक बुडवले, की आधी धूर निघतो, लेप जळतो आणि मग कथील तारेला चकचकीत चिकटते. लेप जळाल्याशिवाय केलेला जोड दिसायला पक्का असतो, पण आवाज येत नाही. हे एकदा हाताने करून पाहा.

खरेदीआधी करण्यासारखे खरे काम कानाची तालीम हे आहे. एखादे गाणे सीडीवरून न दाबता उतरवून घे आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या १२८ आणि ३२० किलोबिटांच्या एमपी३ प्रती कर. एमपी३ मध्ये मोठ्या आवाजाआड झाकले जाणारे बारीक आवाज गाळलेले असतात, आणि ही गाळणी कुठे उघडी पडते ते शोधायचे आहे. त्यासाठी हलगी फार उत्तम. पहिली थाप पडण्याच्या किंचित आधी, जेथे निखळ शांतता असायला हवी तेथे, दाबलेल्या प्रतीत एक पुसट खरखर ऐकू येते. त्या थापेची धार आधीच सांडलेली असते. तंबोऱ्यात जवारीमुळे, म्हणजे तारेखाली दोरा सारून आणलेल्या गुंजनामुळे, उमटणारे वरचे स्वर मूळ प्रतीत सलग तरंगत राहतात आणि फार दाबलेल्या प्रतीत पाण्याखालून आल्यासारखे थरथरतात. आपल्या जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या ‘सैराट’च्या संगीतासाठी मोठा वाद्यवृंद हॉलिवूडमधील सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांवर ती गाणी आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. आता शांत खोलीत ऐक, आणि व्हायोलिनच्या ताफ्यातील खालची फळी वरच्या फळीपासून वेगळी काढता येते का ते पाहा.

ही परीक्षा डोळे उघडे ठेवून घेतली तर ती व्यर्थ आहे. भावाला बसव, कोणती प्रत वाजते आहे ते त्यालाच माहीत असू दे, आणि तू १६ वेळा ओळखण्याचा प्रयत्न कर. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे, म्हणून तेवढी आली तरच फरक ऐकू येतो असे मान. दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणे आवश्यक आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी जाणवतो आणि आवाज वाढवला की तो भरून येतो. त्यामुळे थोडा मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच भरदार वाटतो. नवी पेठेतल्या दुकानात महागड्या नगाचा आवाज दोन घरे वर ठेवला गेला, की गिऱ्हाईक खूश होते. दुकानदार ते मुद्दाम करतो असे माझे म्हणणे नाही. पण आवाजाचे बटण तू स्वतःच्या हातात ठेव.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र एवढे लांबले, ती सांगतो. तू जन्मापासून सोलापूरच्या पूर्व भागात, चालू मागांच्या वर राहिली आहेस. मागांच्या खोलीतला आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि त्यावर मात करून गाणी ऐकण्याची तुझी सवय मला माहीत आहे. तुझ्या कानातले गाणे मला शेजारी बसून ओळखता येत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो, पण ९० डेसिबलचा आठवड्याला फक्त ४ तास. दहा डेसिबल वाढले की वेळ दहाव्या हिश्श्यावर येते, हे गणित लक्षात ठेव. आतल्या कानातील केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि गोंगाटाने होणारे नुकसान बहुतेक वेळा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. बोलणे समजत राहते, त्यामुळे माणसाला बराच काळ काही कळत नाही. झांजेची किणकिण आणि ‘स’, ‘श’ची धार मात्र बोथट होते. नेमकी हीच धार मिळावी म्हणून लोक महागडा हेडफोन घेतात.

म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाचा आलेख, काढून घे. बंद खोलीत वेगवेगळ्या कंप्रतांचे बारीक स्वर ऐकवतात आणि ऐकू आले की बटण दाबायचे असते. वेळ फारसा जात नाही. आदल्या दिवशी मागांच्या खोलीत थांबू नकोस आणि कानात काही घालू नकोस, कारण थकलेला कान तात्पुरता मंद होतो आणि आलेख फसवा येतो. वडिलांनाही सोबत ने. आलेख हाती आला की ४,००० हर्ट्झच्या जागी रेघ खाली वाकली आहे का ते आधी पाहा आणि मला छायाचित्र पाठव. रेघ सरळ असेल तर पाच-सहा हजारांतला, कान पूर्ण झाकणारा, तार बदलता येणारा हेडफोन आपण दोघे मिळून निवडू. वाकलेली असेल, तर त्या पैशांतून आधी वडिलांसाठी आणि तुझ्यासाठी मागांजवळ वापरायचे कानरक्षक घ्यायचे आहेत.

तुझा,
काका