पॉइंट टू टूची काडतुसं कशी निवडायची

पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या रायफलला लगेच दोष देऊ नकोस. सँडबॅगवर टेकवूनही ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, पसरत असेल तर आधी काडतुसांचा डबा बघ.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. त्यासाठी 'हाय व्हेलॉसिटी' माल घेऊ नकोस. तो नळीतून आवाजापेक्षा वेगाने सुटतो आणि टार्गेटपर्यंत जाताना ध्वनीच्या वेगाजवळ उतरतो. तिथेच गोळी डगमगायची भीती. मॅचचा, म्हणजे स्पर्धेचा, माल मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास ठेवलेला असतो.

आता खरी मेख. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन डब्यांतही फरक पडतो, कारण लॉट, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला माल, वेगळा. डब्यावरचा लॉट नंबर डायरीत लिहीत जा. तीनचार लॉट मिळवून प्रत्येकाचे दहा-दहा राउंडचे ग्रुप मार, तेही वारा पडलेला असताना. पाच राउंडांचा एखादा सुंदर ग्रुप बघून हुरळू नकोस, तो योगायोगही असतो. आणि माल बदलला की पहिले काही राउंड मोजायचे नाहीत: गोळीवरच्या मेणाचा थर नळीत नव्याने बसावा लागतो.

शेजारच्या लेनवरच्या पोराला जो लॉट लाभला तो तुझ्या नळीला मानवेलच असं नाही. महाग तेच चांगलं, हेही तुझ्या नळीपुरतं खोटं ठरू शकतं. जुळला की त्याच लॉटचे परवान्यात बसतील तेवढे डबे लगेच उचल. संपल्यावर तो परत मिळणं कठीण.