२८ वर्षांनी सुटलेली जीभ

पत्र थोडक्यात असं:

'काकू, माझं वय ५२. मी इंदूरची, रामबागेत वाढले. लग्नानंतर २८ वर्षं पुण्यात आहे. आई गेली, म्हणून तिथलं घर विकायच्या कामाला डिसेंबरात आठ दिवस गेले होते. शाळेतल्या दोन मैत्रिणींनी मला एक संध्याकाळ एकटं सोडलं नाही. मधल्या काळात आम्ही एकमेकींना धड फोनही केला नव्हता! रात्री बाराला सराफा बाजारात गराडू (तळलेला मसालेदार कंद) खाल्ला, हसून हसून पोट दुखलं. माझी इंदुरी मराठीसुद्धा आपोआप परत आली. तिसरी मात्र भेटली नाही, "गुडघा दुखून राहिला" म्हणाली. २०२१ मध्ये तिचे यजमान कोरोनाने गेले, तेव्हा मी नुसतं हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं होतं. लहानपणी हीच आमच्याकडे आईच्या हातच्या मेतकूट-भातासाठी ठाण मांडून बसायची. परत आल्यापासून माझं कशात मन नाही. घर ठेवावं, तिकडेच राहायला जावं, असं वाटतं. नवरा म्हणतो, तू पाहुणी होतीस म्हणून गोड वाटलं. त्याचं खरं का?'

अगं, तू काकू म्हटलंस म्हणून एकेरीवर येते.

नवऱ्याचं अर्धं खरं आहे. पाहुणी होतीसच तू. पण पाहुणीचा गोडवा कुणीतरी रांधतं, हे बहुतेक नवऱ्यांना दिसत नाही. तूच पुढे लिहिलंयस की त्या दोघींतली स्कूटरवाली शाळेत शिकवते, सकाळची पाळी. सराफ्यातल्या सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं पडल्यावर तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, त्यामुळे घरी पोचायला तुम्हाला एक तरी वाजला असणार. ती साडेपाचला उठून डबा करून शाळेत गेली आणि संध्याकाळी परत तुझ्या दाराशी हजर. दुसरीने तर सासूबाईंकडे बघायला नणंदेला बोलावून घेतलं. पन्नाशीत कुणी जुन्या आठवणींसाठी एवढी झोप मोडत नाही गं. ते तुझ्यासाठी होतं.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त अडकवलं ते मात्र भाषेच्या त्या एका ओळीने. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तू 'काय करून राहिलात?' म्हणालीस आणि सासरी हशा पिकला, असं पुढे लिहिलंयस. तेव्हापासून तू प्रत्येक वाक्य तपासून बोलतेस. २८ वर्षं! मला तर वाचूनच दमायला झालं. अगं, मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, होळकरांची राजधानी इंदूरला आली. मराठी घरं तिथे त्याआधीपासून होती. इतकी वर्षं हिंदी-माळवीच्या शेजारात मुरलेली ती भाषा आहे, तिला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द मोजावेत. (माझंही सासर पुण्याचंच, तेव्हा हे हक्काने लिहितेय.)

त्या दोघींसमोर तुझी जीभ सुटली, कारण हसणारं कुणी नव्हतं. पुण्यात तुझं मन लागत नाही त्याचं मूळ मला इथे दिसतं. त्यासाठी गाव बदलायची गरज नाही. आज रात्री जेवताना मुलीशी तसंच बोलून बघ. हसली तर हसू दे, शिकेलही.

घराचं उत्तर कोरडं आहे. ज्या कारणासाठी विकायला काढलं होतंस ते अजून असेल, तर वीक. इसार घेतलेला नाही म्हणतेस, तर महिनाभर थांबायला हरकत नाही, पण मैत्रीचं ओझं त्या भिंतींवर टाकू नकोस. तिकडे राहायला जायचा विचार करण्याआधी एकदा काहीच काम नसताना जा. हॉटेलात उतरू नकोस, शिक्षिका मैत्रिणीकडे राहा, तिच्याबरोबर गॅसचा नंबर लाव, तिच्या वह्या तपासून होईपर्यंत गप्प बस. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, मात्र जाऊ नकोस. त्या दिवशी राजवाड्यासमोर परक्यालाही सगळं गाव आपलंच वाटतं.

आता तिसरी. तिचा गुडघा खरंच दुखत असेल, पण तुलाही माहीत आहे की एवढंच नाही. बाकी दोघींना मध्ये घालू नकोस, त्या बिचाऱ्या आधीच दोन्हीकडून ऐकत असतील. फोनवर लांबलचक माफीही नको. 'येऊन राहिले' एवढं कळव आणि जा. तेव्हा सगळं बंद होतं, प्रवास अवघड होता, हे खरं असलं तरी म्हणू नकोस, कारण फोन चालू होते. 'मी तेव्हा फोन करायला हवा होता' एवढं एक वाक्य पुरे. मग तिच्या नवऱ्याबद्दल विचार, त्यांचं नाव घेऊन. पहिले काही महिने सगळे विचारतात, पुढे लोक त्या माणसाचं नावच टाळतात. तिला कदाचित कुणाशी तरी त्यांच्याविषयी बोलायचं असेल.

ती चिडेल, ही शक्यता धर. मी एकदा अशीच उशिरा एका मैत्रिणीकडे गेले होते. तिने दारातच सुनावायला सुरुवात केली, सुनावता सुनावताच चहा ठेवला, आणि बोलणं संपेपर्यंत तो उकळून काढा झाला. आम्ही दोघींनी तो प्यायला. तुझ्याकडे चहा ठेवला जाईलच असं मी सांगू शकत नाही. नाही ठेवला तर अर्धा तास बसून ये आणि दिवाळीला फोन कर.

जाताना पुण्याहून बाकरवडी नेऊ नकोस. शेव-नमकीनच्या गावात ती कोण खाणार! मेतकूट ने. आईचं प्रमाण तुला आठवत असेल तर घरी कर, नसेल तर सरळ विकतचं घे. एका घासात तिला कळेल की हे तुझ्या आईचं नाही, आणि मग काय कमी आहे ते तीच सांगायला लागेल.